एल्युसिसचं ‘गुपित’ सापडलंय म्हणणाऱ्यांकडे आधी पुरावा मागा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेले काही महिने प्राचीन ग्रीसमधल्या सणांबद्दल आणि खास करून एल्युसिसच्या गुप्त विधींबद्दल इतकी पत्रं येतायत की एकेकाला वेगळं उत्तर देणं आता मला जमत नाही. बहुतेक पत्रांत घोळ तोच असतो. कुठलातरी व्हिडिओ बघितलेला असतो किंवा फॉरवर्ड आलेला असतो आणि त्यात छातीठोकपणे सांगितलेलं असतं की ग्रीकांनी हजार वर्षं लपवलेली गोष्ट आता उघड झालीये. मी तीस वर्षं प्राचीन ग्रीक धर्म हाच विषय शिकवला, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एल्युसिस हे अथेन्सपासून साधारण वीस किलोमीटरवरचं समुद्राकाठचं गाव. तिथे डिमीटर ही धान्याची देवी आणि तिची मुलगी पर्सेफनी यांचं देवस्थान होतं. मुलीला पाताळाच्या राजाने पळवून नेलं, आई रडत रडत एल्युसिसला आली, तिने जगातलं धान्य उगवणं बंद केलं, शेवटी मुलगी वर्षातला काही काळ परत मिळाली, अशी कथा आहे. या कथेभोवती दरवर्षी जो दीक्षेचा मोठा उत्सव व्हायचा त्यालाच एल्युसिसच्या मिस्टरीज म्हणतात.

प्रश्न : मिस्टरीज म्हणजे रहस्यकथा का? शब्द आला कुठून? (एक वाचक, सांगली)

रहस्यकथा नाही, ‘मिटणं’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी या शब्दाचं नातं जोडतात, म्हणजे डोळे किंवा ओठ मिटणं, आणि दीक्षा घेणाऱ्याला ‘मिस्टेस’ म्हणायचे.

प्रश्न : मुलीच्या प्रोजेक्टमधे विचारलंय की ऑलिंपिक हा खेळ होता की सण. काय लिहू? (एक वाचिका, नाशिक)

सण. झ्यूस देवाचा, ऑलिंपिया गावी, मधल्या दिवशी शंभर बैलांचा बळी, आणि धावण्याच्या शर्यती हा त्याच सणाचा भाग. इसवी सन पूर्व ७७६ हे परंपरेने मानलेलं पहिलं वर्ष आहे, तेव्हा ‘परंपरेनुसार’ हा शब्द लिहायला सांगा आणि बाकीचं बाईंना विचारून घ्या.

प्रश्न : हा उत्सव आपल्या कुठल्या महिन्यात यायचा? एका ॲपवर यंदाची अचूक तारीख दिलीये. (एक वाचक, डोंबिवली)

त्या ॲपवर विश्वास ठेवू नका. अथेन्सचे महिने आपल्यासारखेच चांद्र होते, अमावास्येनंतर नवी कोर दिसली की महिना सुरू. वर्ष उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसानंतरच्या अमावास्येपासून धरायचे आणि उत्सव तिसऱ्या महिन्यात, बोएड्रोमिऑनमधे, म्हणजे साधारण आपला भाद्रपद, कधी आश्विन. पौर्णिमेच्या सुमाराला सुरुवात, १६ तारखेला समुद्रस्नान, १९-२० ला एल्युसिसकडे मिरवणूक. पण अथेन्सचे अधिकारी सोयीप्रमाणे मधेच जास्तीचे दिवस घुसवायचे, इतके की अथेन्सचा विनोदी नाटककार अरिस्टोफेनीस याच्या नाटकात खुद्द चंद्रच त्याबद्दल तक्रार करतो. त्यामुळे ‘यंदा अमुक तारखेला रात्री अमुक वाजता’ असं कुणी सांगत असेल तर त्याने ते स्वतःच ठरवलंय. ढोबळ महिना पुरत नसेल तर प्राचीन कालगणनेच्या अभ्यासकाला विचारा.

प्रश्न : असे गुप्त विधी म्हणजे फक्त उच्चभ्रू पुरुषांसाठीच असणार ना? (एक वाचिका, कोल्हापूर)

नाही, आणि हा समज सारखा येतो म्हणून जरा सविस्तर. बायकांना दीक्षा होती, परदेशातून आलेल्या ग्रीकांना होती, गुलामांनाही होती. इसवी सन पूर्व ३२९ च्या सुमाराचा देवस्थानाच्या हिशेबाचा एक शिलालेख आहे, त्यात सरकारी मालकीच्या गुलामांना दीक्षा देण्याचा खर्च मांडलेला आहे, म्हणजे गुलामांचे पैसे सार्वजनिक खात्यातून भरलेत. दोनच जणांना मनाई होती, ज्याच्या हातून खून झालाय त्याला आणि ज्याला ग्रीक कळत नाही त्याला. उत्सवाच्या सुरुवातीला ही घोषणा सगळ्यांसमोर व्हायची.

पैसे मात्र लागायचे, पुरोहितांची दक्षिणा असायची आणि प्रत्येकाला स्वतःचं डुकराचं पिल्लू आणावं लागायचं. अरिस्टोफेनीसच्या एका नाटकात म्हातारा शेतकरी, आता मरण आलं असं वाटल्यावर म्हणतो, पिल्लासाठी तीन ड्राख्मा उसने दे रे, मरायच्या आधी मला दीक्षा घ्यायचीये. १६ तारखेला हाक व्हायची, ‘दीक्षितांनो, समुद्राकडे चला’, आणि हजारो माणसं आपापलं पिल्लू काखेत घेऊन पाण्यात उतरायची. स्वतः अंघोळ करायची, पिल्लालाही धुवायचं आणि नंतर त्याचा बळी द्यायचा. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने एक प्रसंग नोंदवलाय, बंदरात एक जण पिल्लू धूत असताना मोठ्या माशाने त्या माणसालाच पकडलं आणि कमरेपासून खालचं खाल्लं. मला विचाराल तर एल्युसिस कळायला सुरुवात इथून होते, ओरडणारी पिल्लं, खारं पाणी, गर्दी. हे सगळं दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर चालायचं, यात गुप्त काहीच नव्हतं.

प्रश्न : तीन दिवसांच्या एका निवासी रिट्रीटची जाहिरात आलीये, ‘ओरिजिनल एल्युसिनियन सेरेमनी’. दोन दिवस उपास आणि तिसऱ्या रात्री ‘किकिऑन’ नावाचं पेय. ते म्हणतात की ग्रीकांच्या त्या पेयात एलएसडीसारखं द्रव्य होतं हे सायन्सने सिद्ध केलंय आणि त्यांच्याकडे त्याचा ‘सेफ’ फॉर्म्युला आहे. मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे पण त्यांना फार उत्सुकता आहे. अर्ली बर्ड सवलत रविवारी संपतेय. जावं का? (एक वाचिका, पुणे)

जाऊ नका. सवलत संपू दे.

आता कारणं सांगते, आणि लांबण लागली तरी सांगते, कारण याच प्रश्नाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, आणि गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या गावांतून मला हेच विचारलं गेलंय.

किकिऑन म्हणजे काय ते आपल्याला जुन्या डिमीटर-स्तोत्रातून माहीत आहे. मुलगी हरवलेली देवी एल्युसिसच्या राजवाड्यात येते, राणी तिला तांबडी वाइन देते, ती नको म्हणते आणि सांगते, पाण्यात सातूचं पीठ आणि एक कोवळी सुगंधी वनस्पती घालून दे. ही वनस्पती पुदिन्याच्या कुळातली, पेनीरॉयल. पाणी, सातू, पुदिन्यासारखा पाला, एवढंच स्तोत्रात आहे. उपासानंतर आपल्याकडे सातूचं पीठ कालवून घेतात ते ज्यांनी खाल्लंय त्यांना हे पेय डोळ्यासमोर आणायला जड जाऊ नये.

मग एलएसडी आलं कुठून? १९७८ मधे तीन जणांनी एक तर्क मांडला आणि त्यातले एक होते आल्बर्ट हॉफमन, ज्यांनी १९३८ मधे एलएसडी पहिल्यांदा तयार केलं तेच. तर्क असा की सातूवर अर्गट नावाची बुरशी येते, तिच्यात एलएसडीच्या जवळची रसायनं असतात, तेव्हा पुरोहित ती बुरशी वापरत असतील. तर्क मांडायला हरकत नाही, विद्वान मंडळी होती, पण तर्क आणि पुरावा यात फरक आहे आणि जाहिरात करणाऱ्यांनी तो फरक मधल्यामधे गिळून टाकलाय. एल्युसिसला सापडलेल्या एकाही भांड्यात अर्गट मिळालेलं नाही. स्पेनमधल्या एका प्राचीन ठिकाणी एका भांड्यात अंश मिळाल्याचं सांगतात, तेच प्रत्येक व्हिडिओत दाखवतात, पण स्पेन म्हणजे एल्युसिस नव्हे. शिवाय साधा विचार करा, टेलेस्टेरिऑन म्हणजे दीक्षेचं सभागृह सुमारे ५० मीटर लांब आणि तितकंच रुंद, आत तीनेक हजार माणसं मावायची, त्यात म्हातारी माणसं, गरोदर बाया, आणि हे शेकडो वर्षं चाललं. अर्गट रक्तवाहिन्या आवळतं, बोटं काळी पडून झडतात, झटके येतात, गर्भ पडतो. युरोपात मध्ययुगात राईच्या पावातून हे विष पोटात जाऊन गावंच्या गावं आजारी पडलेली आहेत. एल्युसिसला असं काही झालं असतं तर त्या उत्सवावर टपून बसलेल्या ख्रिस्ती लेखकांनी ते सोडलं असतं का? त्यांनी बाकी सगळं लिहिलंय, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि अर्गट आपल्याला परकं नाही. बाजरी पिकवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, फुलोऱ्यात पाऊस लागला की कणसातून मधासारखा चिकट द्राव गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी धरतात, तोच अरगट. बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली पण वेगळ्या जातीची आहे, ती पोटात गेली की ओकाऱ्या, गरगरणं, गुंगी. म्हणून पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी बुडवतात, वर तरंगतं ते काढून टाकतात आणि खाली राहिलेलं दोनतीनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. आपल्याकडचे अडाणी म्हणवले जाणारे शेतकरी जे बियाण्यातूनसुद्धा काढून टाकतात ते शहरातली माणसं हजारो रुपये भरून प्यायला निघालीयेत, हे बघून मला झोप लागत नाही.

‘सेफ फॉर्म्युला’ म्हणजे काय ते त्यांना लेखी विचारा. पेयात खरंच एलएसडी किंवा तसलं काही असेल तर तो एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, पिणाऱ्यासाठीही. नसेल तर ते तुम्हाला पुदिन्याचं पाणी त्या भावाने विकतायत. दोन्हीकडून फसवणूकच.

तुमच्या मिस्टरांचं वेगळं. बीपीच्या गोळ्या चालू असताना दोन दिवस कडक उपास आणि त्यावर रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारं अनोळखी पेय, याबद्दल मी इतिहासाची बाई काही सांगू शकत नाही आणि तो रिट्रीटवालाही सांगू शकत नाही. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाहिरातीचा कागद घेऊन जा, या आठवड्यातच जा, रविवारच्या आधी.

त्यांची उत्सुकता मात्र मला कळते. सिसेरोसारखा मोठा रोमन विचारवंत म्हणतो की एल्युसिसमुळे आम्ही आनंदाने जगायला आणि चांगल्या आशेने मरायला शिकलो. असं वाचलं की कुणालाही वाटणारच की आपल्यालाही ते मिळावं. पण अॅरिस्टॉटलचं एक मत पुढच्या एका लेखकाने नोंदवून ठेवलंय, की दीक्षितांना तिथे काही शिकायचं नसतं, अनुभवायचं असतं. दिवसभर चालून आलेली, उपाशी, अंधारात उभी असलेली हजारो माणसं, मधोमध अचानक पेटलेला जाळ, मुलगी परत मिळालेल्या आईची कथा, आणि आजूबाजूला सगळे त्याच श्रद्धेने आलेले, हे असताना बाटलीतून काही प्यायची गरज लागत नाही. आषाढीला पायी चालत गेलेल्या माणसाला हे मी समजावून सांगायला नको.

प्रश्न : मी पेनीरॉयल तेल ऑनलाइन मागवून घरीच किकिऑन करून बघितलं, पाचसहा थेंब घातले. चार दिवस झाले, पोट दुखतंय आणि मळमळतंय. हे नॉर्मल आहे का, की अजून थोडं थांबून बघू? (एक वाचक, औरंगाबाद)

थांबू नका, बाटली सोबत घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमधे जा. हे पत्र आलं त्याच दिवशी मी यांना कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी देतेय. या वनस्पतीच्या तेलाने लिव्हर निकामी होऊन माणसं गेलेली आहेत. पाण्यात टाकलेला पाला वेगळा आणि काढलेलं तेल वेगळं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं होतं, मला पत्र लिहिण्यात दिवस घालवायला नको होते.

प्रश्न : शेवटी आत नेमकं काय दाखवायचे? ‘कापलेलं कणीस’ हेच गुपित होतं असं खात्रीने वाचलं. (एक वाचक, ठाणे)

खात्रीने कुणी लिहिलं असेल तर ते चुकलं. कणसाची गोष्ट हिप्पोलिटस नावाच्या ख्रिस्ती लेखकाकडून येते, तो म्हणतो की शांततेत एक कापलेलं कणीस दाखवायचे. दुसरा, क्लेमंट, एक परवलीचं वाक्य देतो : मी उपास केला, किकिऑन प्यायलो, पेटीतून घेतलं, काम केलं, टोपलीत ठेवलं, टोपलीतून परत पेटीत. काय घेतलं, काय काम केलं, सांगत नाही. दोघेही या धर्माचे विरोधक होते आणि तो खोटा ठरवण्यासाठीच लिहीत होते, तेव्हा त्यांची साक्ष घ्यायची पण जपून. उलट पौसानियस हा प्रवासी, जो दगड न् दगड वर्णन करतो, तो एल्युसिसच्या भिंतीपाशी थांबतो आणि लिहितो की आतलं सांगायला मला स्वप्नात मनाई झाली. भिंतीच्या आत काय आहे ते त्याने एका शब्दाने सांगितलेलं नाही.

गुपित फोडलं तर मृत्युदंड होता. इसवी सन पूर्व ४१५ मधे अथेन्सचा पुढारी अल्सिबायडीस आणि त्याच्या मित्रांनी एका घरी दारूच्या बैठकीत या विधीची नक्कल केल्याचा आरोप झाला, तो सिसिलीच्या मोहिमेवर सेनापती म्हणून गेलेला असताना त्याला परत बोलावलं, तो पळाला, मागे त्याला मृत्यूची शिक्षा सुनावली आणि आरोपींची मालमत्ता लिलावात काढली. त्या लिलावाची यादी दगडावर कोरलेली आज तुकड्यातुकड्यांत मिळालीये, घरातलं फर्निचर, भांडी, गुलाम, सगळ्याची नोंद. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इसवी सन पूर्व २०० मधे अकार्नानियातली दोन पोरं गर्दीबरोबर चुकून आत गेली, प्रश्न भलतेच विचारायला लागली म्हणून सापडली आणि मारली गेली. इतक्या कडक पहाऱ्यात हजारो माणसांनी तोंड उघडलं नाही, आणि आता कुणीतरी बारा मिनिटांच्या व्हिडिओत ‘सत्य’ सांगतोय. त्याला विचारा, कुठल्या ग्रंथात, कुठल्या ओळीत. तो गप्प बसला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

प्रश्न : फक्त बायकांचा असा काही सण होता का? (एक वाचिका, चिपळूण)

होता, थेस्मोफोरिया. अथेन्समधे तीन दिवस, शरद ऋतूत पेरणीच्या तोंडावर, नागरिकांच्या बायका घर सोडून एकत्र राहायच्या, पुरुषांना प्रवेश नाही. पहिला दिवस चढण्याचा, दुसरा जमिनीवर बसून उपासाचा, तिसरा सुंदर संततीचा. आधी कधीतरी खोल खड्ड्यांत डुकराची पिल्लं टाकलेली असायची, ती कुजली की ठरलेल्या बायका तीन दिवस व्रतस्थ राहून खाली उतरायच्या, टाळ्या वाजवून आतल्या सापांना हाकलायच्या आणि ते कुजलेलं वर आणून वेदीवर ठेवायच्या. त्यातलं थोडं बियाण्यात मिसळून पेरलं की पीक चांगलं येतं अशी श्रद्धा होती. एरवी ज्या बायकांना घराबाहेर फार मोकळीक नव्हती त्यांच्या हातात शहराचं बियाणं होतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ही माहिती नंतरच्या एका टीपेतून आलीये, त्यामुळे बारकाव्यांवर अभ्यासकांत वाद आहेत. लेख लिहीत असाल तर छापायच्या आधी विषयातल्या कुणाला दाखवा.

प्रश्न : आम्ही पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी एल्युसिसवर एकांकिका बसवतोय, दीक्षेचा सीन आतला दाखवायचाय. संहिता पाठवलीये, प्रयोग परवा आहे. (एक विद्यार्थी, पुणे)

परवा प्रयोग आणि आज संहिता, यावर मी काय करू? दरवर्षी हेच होतं. दोन महिने आधी पाठवली असती तर मी बसून ओळ न् ओळ बघितली असती.

आता एवढंच करा, आतला सीन काढा. तुम्ही त्यात जे घातलंय, काळे झगे, कवटी, रक्ताचा प्याला, त्यातलं एकही एल्युसिसचं नाही. त्याऐवजी पूल दाखवा. मिरवणूक एल्युसिसकडे जाताना नदीवरच्या पुलावर डोकी झाकलेली माणसं बसायची आणि शहरातल्या बड्या लोकांना नावं घेऊन शिव्या द्यायची, आणि त्यांनी ऐकून घ्यायच्या. पुढे ‘इयाकोस, इयाकोस’ असा देवाच्या नावाचा गजर, रात्र पडतेय, मशाली. यात नाटक आहे की नाही? खुद्द अरिस्टोफेनीसने इसवी सन पूर्व ४०५ मधे पाताळात दीक्षितांचं कोरस आणलं, त्यांची गाणी घातली, भाजलेल्या डुकराच्या वासावर संवाद लिहिला, पण आतलं काही दाखवलं नाही. त्याला सगळं माहीत असावं, तरी तो उंबऱ्यावर थांबला. तुमच्या दिग्दर्शकाला आज रात्री हे वाचून दाखवा आणि कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना तालमीला बोलवा.

प्रश्न : ग्रीकांचा पितृपक्ष होता म्हणे? (एक वाचक, रत्नागिरी)

पितृपक्ष म्हणू नका, साम्य आहे एवढंच म्हणा. अँथेस्टेरिया हा वाइनचा देव डायोनायसस याचा तीन दिवसांचा सण, हिवाळा सरताना. पहिल्या दिवशी नव्या वाइनचे रांजण उघडायचे, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या सुरईतून न बोलता प्यायची, तीनेक वर्षांच्या पोरांना फुलांचा मुकुट आणि छोटीशी सुरई मिळायची, त्यातल्या कितीतरी सुरया म्युझियममधे आहेत, वर रांगणारी बाळं काढलेली. तिसऱ्या दिवशी सगळ्या धान्यांची एकत्र खिचडी शिजवून हर्मीसला, मेलेल्यांना नेणाऱ्या देवाला. जुन्या लेखकांनी एक वाक्प्रचार नोंदवलाय, ‘बाहेर व्हा, अँथेस्टेरिया संपला’, तो मृतात्म्यांना उद्देशून होता असं बरेच जण मानतात.

प्रश्न : एल्युसिसचं अस्सल नाणं, एका बाजूला डुकराचं पिल्लू, ऑनलाइन मिळतंय, सर्टिफिकेटसकट. घेऊ का? (एक वाचक, मुंबई)

आत्ता घेऊ नका. अशी नाणी होती हे खरं, काशाची, इसवी सन पूर्व चौथ्या शतकातली, एका बाजूला पंखांच्या नागरथात बसलेला ट्रिप्टोलेमस, म्हणजे एल्युसिसच्या कथेतला वीर, आणि दुसऱ्या बाजूला पिल्लू. म्हणूनच त्यांच्या नकला भरपूर आहेत. विकणाऱ्याने स्वतः छापलेल्या सर्टिफिकेटला काडीची किंमत नाही. आणि नाणं अस्सल असेल तर ते ग्रीसमधून बाहेर कसं आलं हा प्रश्न उरतोच, तिथला पुरावस्तू कायदा कडक आहे. आधी एखाद्या म्युझियमच्या नाणेतज्ज्ञाला दाखवा, कागदपत्रं वकिलाला दाखवा, मगच पैशाचं बोला.

प्रश्न : कोणी भारतीय तिथे गेला होता का? आणि कार्ल्याच्या लेण्यातले यवन डायोनायससचे भक्त होते हे खरं का? (एक वाचिका, लोणावळा)

दुसऱ्याचं उत्तर नाही. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे त्या काळी ग्रीक म्हणवणाऱ्यांची, नावं आहेत, पण ती बौद्ध चैत्याला दिलेली दानं आहेत, त्यात डायोनायसस कुठेच नाही.

पहिल्याचं उत्तर हो. इसवी सन पूर्व २० च्या सुमारास रोमन सम्राट ऑगस्टसकडे भारतातून एक वकिलात गेली, तिच्यात झर्मनोखेगस नावाचा माणूस होता, नावात ‘श्रमण’ असावं असं अनेकांना वाटतं. तो अथेन्सला आला, दिओ नावाचा इतिहासकार सांगतो की वेळ नसतानाही त्याला दीक्षा दिली गेली, आणि मग त्याने स्वतःला जिवंत अग्नीत टाकलं. भूगोलकार स्ट्रॅबोने त्याच्या समाधीवरचा मजकूर दिलाय : बारगोसाचा भारतीय झर्मनोखेगस, भारतीयांच्या परंपरेप्रमाणे स्वतःला अमर करून इथे पडला आहे. बारगोसा म्हणजे भरूच, असं बहुतेक अभ्यासक धरतात. प्लुटार्कच्या काळात, शंभरेक वर्षांनंतरही, अथेन्समधे ‘भारतीयाची समाधी’ दाखवत असत. त्याने आत काय बघितलं ते अर्थात त्यानेही लिहून ठेवलेलं नाही.

प्रश्न : हे सगळं बंद कधी झालं? आम्ही डिसेंबरमधे ग्रीसला जातोय, तिकिटं काढलीयेत, बघण्यासारखं काही उरलंय का? (एक जोडपं, बडोदा)

इसवी सन ३९२ मधे रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या पूजांवर बंदी आणली आणि चारेक वर्षांतच अलारिकचे गॉथ सैनिक एल्युसिसवरून गेले, त्यानंतर देवस्थान उठलं नाही.

उरलंय बरंच. सभागृहाचा चौथरा, खडकात कोरलेल्या पायऱ्या, कालिखोरोन विहीर, आणि शेजारी म्युझियम. आजचं गाव एलेफ्सिना, आजूबाजूला रिफायनऱ्या आणि कारखाने, २०२३ मधे ते युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. अथेन्सहून जाणाऱ्या रस्त्याला अजूनही ‘पवित्र मार्ग’च म्हणतात, पण त्याच्यावरून आता ट्रक धावतात, चालत जायचं डोक्यात असेल तर सोडून द्या.

म्युझियममधे डोक्यावर पेटी घेतलेल्या एका स्त्रीचा प्रचंड पुतळा आहे, तिच्यासमोर थांबा. ती जोडीतली एक. दुसरी १८०१ पर्यंत गावातच होती, शेणाच्या उकिरड्यात मानेपर्यंत गाडलेली, आणि गावकरी तिला धान्य देणारी मानायचे, सणाला तिच्यापुढे दिवा लावायचे. क्लार्क नावाचा इंग्रज ती घेऊन जायला आला तेव्हा लोकांनी विरोध केला, ही गेली तर पीक येणार नाही म्हणून. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की नेण्याच्या आदल्या संध्याकाळी एक बैल जू तोडून आला, त्या मूर्तीला शिंगांनी धडका देत राहिला आणि हंबरत शेतात पळाला. तरी ती नेली. जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं, मूर्ती पाण्यातून काढली, आज ती केंब्रिजला आहे.

हिवाळ्यात वेळा बदलतात आणि आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तिकिटं काढायच्या आधी विचारायला हवं होतं, आता निदान निघायच्या आधी म्युझियमला फोन करा.